वेदीवरील घरची मेणबत्ती



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून गावोगावच्या अशा व्यासपीठांवर राजकारण, इतिहास, साहित्य आणि तत्त्वज्ञान यांची खलबते होत आली आहेत. आजचा आमचा विषय त्या मानाने फारच लहान आहे आणि तो बराचसा स्वयंपाकघरातला आहे. ख्रिस्ती उपासनेत लागणारी मेणबत्ती मंडळीने आपल्या हातांनी आणि आपल्या ऐपतीत कशी करावी, हे आम्हांला सांगावयाचे आहे. श्रोत्यांपैकी पुष्कळांचा चर्चशी संबंध नसेल. तथापि देवापुढे दिवा लावण्याचा खर्च आणि त्यामागची श्रद्धा यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न सर्वांच्याच घरचा आहे.

मुळात 'मेणबत्ती' या शब्दातच मेण आहे. पण आज दुकानातून जी मेणबत्ती आपण आणतो तिच्यात मधमाशीच्या मेणाचा अंश बहुधा नसतो. ती पॅराफिनची, म्हणजे खनिज तेलापासून काढलेल्या पदार्थाची असते. युरोपात शतकानुशतके गरिबाच्या घरी जनावरांच्या चरबीची बत्ती जळे. तिला धूर फार, वासही उग्र. चर्चच्या वेदीवर मात्र मधमाशीचे शुद्ध मेण जळावे, असा दंडक होता. ईस्टरच्या आदल्या रात्री म्हणावयाच्या प्राचीन स्तुतिगीतात मधमाशांच्या श्रमाचा उल्लेख आहे, तो याच कारणाने. पुढे १८२५ च्या सुमारास शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या संशोधनातून चरबीतील घट्ट भाग, म्हणजे स्टिअरिन, वेगळे काढून त्याच्या मेणबत्त्या होऊ लागल्या. १८५० मध्ये जेम्स यंग याने पॅराफिन काढण्याच्या कृतीचे एकस्व घेतले आणि मेणबत्ती गरिबाच्या हाताशी आली. रोमच्या धर्मविधी खात्याने १९०४ साली निर्णय दिला की, पास्काची मेणबत्ती आणि मिस्साच्या मुख्य मेणबत्त्या यांत बहुतांश मधमाशीचेच मेण असावे. इतर मेणबत्त्यांत ते निदान लक्षणीय प्रमाणात असावे. हे बंधन पुढे सैल झाले. १९६९ साली तर भारतातील कॅथॉलिक चर्चला मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा वापरण्याची मुभा मिळाली. आज कित्येक चर्चमधून वेदीजवळ समई तेवताना दिसते.

मग कोणी विचारील, तेलाचा दिवा चालतो तर मेणबत्तीचा हट्ट कशाला? याचे उत्तर ईस्टरच्या जागरणात मिळते. त्या रात्री चर्चमधले सगळे दिवे मालवतात. बाहेर नवा अग्नी पेटवितात. त्यावर पास्काची मोठी मेणबत्ती पेटते आणि तिच्यावरून शेजाऱ्याने शेजाऱ्याची बत्ती पेटवीत पेटवीत सगळे चर्च उजळते. समई हातात घेऊन उभे राहता येत नाही, ज्योत अशी हातोहात देता येत नाही. २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, आईबापांच्या कबरीवर मेणबत्तीच लावतात. तेव्हा समईने वेदीची सोय होते, मंडळीची होत नाही.

आता खर्चाकडे वळू. लहान गावातील मंडळी गरीब असते. मधमाशीचे मेण पॅराफिनच्या कित्येक पट महाग. म्हणून सामान्यतः असा विचार होतो की, शुद्ध मेण हे मुंबई-गोव्याच्या मोठ्या चर्चचे काम. आपण बाजारातील सर्वांत हलकी बत्ती आणावी, नाहीतर विजेवर चालणारी खोटी ज्योत लावावी आणि मोकळे व्हावे. हा विचार आम्हांला मान्य नाही. तो का मान्य नाही, हे भावनेने सांगण्यापेक्षा तराजूने सांगतो.

शंभर माणसांची मंडळी धरा. मिस्सासाठी वेदीवर निदान दोन मेणबत्त्या हव्यात. एक इंच जाडीची बरी मेणबत्ती तासाला अदमासे ६ ग्रॅम मेण खाते. म्हणजे तासाभराच्या उपासनेत दोहोंत मिळून १२ ग्रॅम. वर्षाचे ५२ रविवार आणि ८ सण धरले तर साठ वेळा बारा, म्हणजे ७२० ग्रॅम. वर्षभर वेदी तेवत ठेवण्यास पाऊण किलोदेखील मेण लागत नाही! पास्काची मेणबत्ती ५ सेंटिमीटर जाड आणि ६० सेंटिमीटर उंच केली तर तिला ११०० ग्रॅमच्या आसपास मेण लागेल. उरल्या लोकांच्या हातातल्या बत्त्या. बोटाएवढी जाड आणि वीतभराहून थोडी कमी अशी बत्ती १५ ग्रॅमची होते. शंभर बत्त्यांना दीड किलो. सगळी बेरीज सव्वातीन किलोच्या आसपास येते.

पण ही बेरीज मेण किती आणावे याची आहे. किती जळते याची नव्हे. हा भेद लक्षात घेतला म्हणजे गणिताचा रंग पालटतो. जागरणात लोकांच्या बत्त्या वीसेक मिनिटे जळतात. तेवढ्यात दीड-दोन ग्रॅम मेण जाते. उरलेले तेरा ग्रॅम कुठे जातात? कोणी बाकाखाली टाकतो, कोणी खिशात घालून घरी नेतो आणि वीज गेली की शोधत बसतो. झाडणारा उरलेल्या भरतो आणि उकिरड्यावर टाकतो. दीड किलोतील सव्वा किलोहून अधिक मेण असे वाया जाते. पास्काची मेणबत्ती वर्षभरात पन्नास तास जळली आणि तासाला आठ-दहा ग्रॅम गेले, तरी निम्म्याहून अधिक शिल्लक राहते. आणि पुढच्या ईस्टरला तर नवी हवीच. ती खऱ्या मेणाची असावी, खोटी नसावी आणि दर वर्षी नवी असावी, असे १९८८ च्या रोमच्या पत्रकात स्पष्ट सांगितले आहे. सारांश, वर्षाकाठी खरोखर जळून जाते ते १४०० ग्रॅमच्या आसपास. बाकीचे मेण आपण फेकून देतो आणि मग म्हणतो की, मेणबत्ती परवडत नाही.

पाच भाकरी आणि दोन मासळ्या यांची कथा आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. पाच हजारांचे पोट भरले, हा चमत्कार सर्वांच्या ध्यानात राहतो. पण त्यानंतर प्रभूने उरलेले तुकडे गोळा करावयास लावले आणि त्यांच्या बारा टोपल्या भरल्या, हे फारसे कोणी सांगत नाही. ज्याच्या हाती एवढे सामर्थ्य, त्याला उष्ट्या तुकड्यांची काय पर्वा? पण त्याला होती. स्वस्त मेणबत्तीचे सगळे शास्त्र आम्हांला त्या बारा टोपल्यांत दिसते.

आमच्या मंडळीत हा विचार प्रथम निघाला तेव्हा विरोध झाला, आणि तो करणारी माणसे अश्रद्ध नव्हती. एक वृद्ध बाई म्हणाल्या, "देवाला वाहिलेले मेण पुन्हा वितळवून पुन्हा देवाला वाहावयाचे? घरी पाहुण्याला कोणी शिळे वाढते का?" या आक्षेपाचा मान राखलाच पाहिजे. आशीर्वादित वस्तू अनादराने हाताळू नये, हे खरेच आहे. म्हणून धर्मगुरूंना विचारून, त्यांच्या संमतीनेच हे काम करावे. पण एक जुना दाखला देण्यासारखा आहे. रोममध्ये मागील वर्षाच्या पास्काच्या मेणबत्त्यांच्या उरलेल्या मेणापासून कोकराचे चित्र उमटविलेल्या लहान चकत्या करीत, पोप त्यांना आशीर्वाद देत आणि भाविक त्या जपून ठेवीत. उरलेले मेण तेथे शिळे ठरले नाही. शिळे ठरते ते निष्काळजीपणाने ठेवलेले. आणि हे विसरू नये की, मधमाशी आपल्या पोटाखालच्या आठ ग्रंथींतून मेणाचे कण काढते. एक किलो मेण होण्यास सहा ते आठ किलो मध खर्ची पडतो, असे मधुपालक सांगतात. एवढ्या श्रमाची वस्तू उकिरड्यावर टाकणे हाच खरा अनादर नव्हे काय?

आता प्रत्यक्ष कृती. आधी मेणाची निवड. मधमाशीचे मेण बोटांच्या उबेने मऊ होते, त्याला मधाचा मंद वास असतो आणि ते दाबले तर वळते. पॅराफिन स्पर्शाला निसरडे, काहीसे पारदर्शक आणि बिनवासाचे. भेसळ फार असते, म्हणून ओळखीच्या मधुपालकाकडून मेण घ्यावे. महाबळेश्वरच्या परिसरात मधाचा व्यवसाय जुना आहे. तेथील मांघर हे २०२२ साली मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. पुण्यात १९६२ पासून मधमाशीपालनाची केंद्रीय संशोधन संस्था आहे. पेटीतल्या सातेरी माशांपासून मेण थोडे मिळते. आपल्याकडचे बरेचसे मेण रानातल्या आग्या माशांच्या पोळ्यांचे असते. ते कड्याकपारींवर चढून काढणाऱ्यांच्या जिवावर येते, हे भाव करताना ध्यानात ठेवावे.

आमची विभागणी अशी : पास्काची आणि वेदीवरची मेणबत्ती मधमाशीच्या मेणाची, लोकांच्या हातातली आणि कबरीवरची पॅराफिनची. पॅराफिन घेताना ५८ ते ६० अंशांना वितळणारे घ्यावे. त्याहून मऊ घेतले तर एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात मेणबत्ती माना टाकते. त्यात दहावा हिस्सा स्टिअरिक आम्ल घातले म्हणजे बत्ती पांढरीशुभ्र, कडक आणि साच्यातून सहज सुटणारी होते. मात्र मेण तांब्यापितळेच्या भांड्यात वितळवू नये, रंग बिघडतो. ॲल्युमिनियम किंवा स्टीलचे भांडे बरे.

मेण कधीही थेट विस्तवावर ठेवू नये. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात मेणाचे भांडे. पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही, म्हणून मेणही भडकत नाही. मधमाशीचे मेण ६२ ते ६५ अंशांनाच वितळते. घाई करण्याचे कारण नाही. बायकांनी पदर खोचावेत, मुलांना दूर बसवावे. दुर्दैवाने पेट घेतलाच तर पाणी मुळीच ओतू नये. झाकण घालावे, जवळ वाळूची बादली ठेवावी. आणि वितळलेले मेण मोरीत टाकू नये. मोरी कायमची तुंबेल.

जुने तुकडे घेताना मधमाशीचे आणि पॅराफिनचे वेगवेगळ्या डब्यांत ठेवावेत. ते वितळवून जुन्या सुती कापडातून गाळावेत. जळक्या वाती आणि काड्यापेटीच्या काड्या राहिल्या तर नवी वात गुदमरते. गाळलेले मेण सावकाश थंड होऊ द्यावे, म्हणजे गाळ तळाशी बसतो. तो सुरीने खरवडून काढावा.

आता वात. मेणबत्तीचा जीव वातीत असतो, मेणात नव्हे. मायकेल फॅरडे या थोर शास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी केवळ मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली. ती १८६१ साली पुस्तकरूपाने निघाली. स्वतः निष्ठावंत ख्रिस्ती असलेल्या त्या गृहस्थाने दाखविले की, ज्योतीच्या उष्णतेने मेणाची एक वाटी तयार होते, तिच्या कडा वर येणाऱ्या थंड हवेने घट्ट राहतात, वात त्या वाटीतले मेण वर ओढते आणि जळते ते त्याचे वायुरूप. वात जाड झाली तर मेण जास्त ओढले जाते, ज्योत मोठी होऊन धूर धरते. बारीक झाली तर वाटी भरून वाहते आणि ज्योत बुडते. म्हणून जाडी ठरविण्यासाठी एकाच मेणाच्या तीन लहान बत्त्या तीन जाडींच्या वाती घालून कराव्यात आणि तासभर जाळून पाहाव्यात. मधमाशीच्या मेणाला पॅराफिनपेक्षा जाड वात लागते.

आमच्या आयाबहिणींना फुलवात आणि लांबवात वळावयास शिकवावे लागत नाही. पण मेणबत्तीला वळलेली वात चालत नाही, विणलेली लागते. वळलेली वात ताठ उभी राहते, तिचे टोक काजळते आणि वारंवार कातरावे लागते. तीन पेडांची वेणी घातलेली वात जळता जळता एका बाजूला वाकते आणि तिचे टोक ज्योतीच्या बाहेरच्या तप्त भागात येऊन आपोआप जळून जाते. ही युक्ती फ्रान्समध्ये १८२५ च्या सुमारास निघाली. सुती दोऱ्याची वेणी घालावी. एक पेला पाण्यात एक चमचा मीठ आणि दोन चमचे टाकणखार विरघळवून तीत ती रात्रभर भिजवावी आणि चांगली दोन-तीन दिवस वाळवावी. टाकणखार मुलांच्या हाती लागू देऊ नये. नंतर वात वितळलेल्या मेणात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावी आणि ताणून सुकवावी.

हातातल्या बत्त्या बुडवून कराव्यात. उंच डब्यात मेण भरावे, वातीच्या टोकाला लहानसा नट बांधावा, मेणात झटकन बुडवून बाहेर काढावे, दोन मिनिटे टांगून थंड होऊ द्यावे, पुन्हा बुडवावे. पंचवीस-तीस वेळा असे केले की बोटभर जाडी येते. एका काठीला आठ-दहा वाती टांगल्या तर सगळ्या एकदम होतात. शेवटी बत्ती कोमट असतानाच जुन्या पोळपाटावर लाटून सरळ करावी. कबरीवरच्या आखूड, जाड बत्त्यांसाठी पत्र्याचे साचे चांगले. मेण थिजताना आकसते आणि मध्ये खळगा पडतो. तो दुसऱ्यांदा मेण ओतून भरावा. मधमाशीचे मेण साच्याला चिकटते, म्हणून जुने कारागीर टांगलेल्या वातीवर पळीने मेण ओतीत आणि मग लाटीत. पास्काची मेणबत्ती आम्ही तशीच करतो. त्या कामाला धीर लागतो, पण चार माणसे पाळीपाळीने पळी चालवू लागली की तिसऱ्या प्रहरापर्यंत मेणबत्ती उभी राहते.

जाळतानाही काटकसर आहे. वेदीवरचा पंखा मिस्साच्या वेळी बंद ठेवावा; वाऱ्याने मेणबत्ती एका बाजूने वाहून जाते. पेटविण्यापूर्वी वात पाव इंचावर कातरावी. ईस्टरच्या जागरणानंतर दाराशी दोन टोपल्या ठेवाव्यात आणि मुलांना सांगावे की, प्रत्येकाच्या हातातला तुकडा टोपलीत पडला पाहिजे. हे काम मुले मोठ्या चोखपणे करतात.

एक प्रश्न उरतो. आपण घरी मेणबत्त्या केल्या तर चर्चच्या दाराशी बत्त्या विकणाऱ्या गरिबांचे काय? वांद्र्याच्या माउंट मेरीच्या सप्टेंबरमधील जत्रेत मेणबत्त्यांची आणि मेणाच्या हातापायांची दुकाने लागतात. कित्येक कुटुंबांची कमाई त्यावर होते. नवस फेडणाऱ्याने तेथे जरूर घ्यावे. आमचे म्हणणे फक्त मंडळीच्या सामाईक उपासनेपुरते आहे. आणि जी मंडळी मेण गोळा करावयास लागते तिने त्या विक्रेतीकडचे उरलेसुरले, मोडके तुकडेही रोख पैसे देऊन घ्यावेत. काटकसरीचा भार दुसऱ्या गरिबावर टाकला तर ती काटकसर नव्हे.

स्वस्त आणि हलके या दोन शब्दांत आपण फार गोंधळ करतो. हलकी वस्तू म्हणजे जिच्यात मालही कमी आणि मनही कमी. स्वस्त वस्तू म्हणजे जिच्यात पैसा कमी, पण पैशाची जागा श्रमाने भरून काढलेली. मंदिराच्या दानपेटीत दोन कवड्या टाकणाऱ्या विधवेची थोरवी येशूने सांगितली. तिने पुष्कळ दिले म्हणून नव्हे, तर जे होते ते दिले म्हणून. गरीब मंडळीजवळ पैसा नसतो, पण हात असतात, वेळ असतो आणि गेल्या वर्षीचे मेण असते. ते दिल्यावर तिच्या वेदीवर जी ज्योत तेवते ती कोणत्याही मोठ्या चर्चमधील ज्योतीपेक्षा रतिभरही उणी नाही. ज्या वृद्ध बाईंनी शिळ्याचा आक्षेप घेतला होता त्यांनी अजूनही आपले मत पूर्णपणे सोडलेले नाही. पण वात विणावयाचे काम त्या दुसऱ्या कोणाला करू देत नाहीत, आणि त्यांची वात काजळत नाही.

 कोणाला वाती पाहावयाच्या असतील तर नमुने टेबलावर ठेवले आहेत.